डे-एंड किती वाजता संपेल? अंदाज बांधताना या चुका टाळा

सांगलीतल्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात मी बरीच वर्षं रात्रीची बॅच, म्हणजे डे-एंड, सांभाळतोय. दिवसाचे व्यवहार बंद करायचे, नोंदी खात्यांवर टाकायच्या, व्याज काढायचं, जनरल लेजर (बँकेचं मुख्य खातेपुस्तक) जुळवायचं, बॅकअप घ्यायचा आणि सकाळी शाखा उघडायच्या आत नवी तारीख चालू करायची. संगणकाची अशी साठ-सत्तर कामं, म्हणजे जॉब, एकामागोमाग एक. आजची साखळी लांबणार की नाही हे रात्री अकराला सांगता येतं. तरी नवीन माणूस आला की त्याच त्या चुका करतो, आणि त्याची किंमत सकाळी काउंटरसमोर उभी राहिलेली माणसं मोजतात.

सरासरीवर विसंबणं

ही सगळ्यात मोठी चूक. नोंदी टाकण्याचा जॉब महिन्यातल्या २७ रात्री ४० मिनिटांत संपतो असं धरा. उरलेल्या ३ रात्री साखर कारखान्यांची ऊसबिलं येतात, तेव्हा त्याला १६० मिनिटं लागतात. सरासरी आली ५२. आता बघा, ५२ मिनिटं एकाही रात्री लागलेली नाहीत. जी वेळ कधी घडलीच नाही ती तुम्ही उद्याचा अंदाज म्हणून फळ्यावर लिहिता.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. डिसेंबरअखेरची रात्र होती. नवीन मुलगा हुशार, पण घाईचा. त्यानं मागच्या ३० रात्रींची सरासरी काढली आणि फळ्यावर ‘डे-एंड ४:१०’ लिहून टाकलं. त्या संध्याकाळी दोन कारखान्यांच्या बिलांच्या फायली आल्या होत्या. शिवाय तिमाहीअखेर, म्हणजे बचत खात्यांचं व्याज नुसतं काढायचं नव्हतं, प्रत्येक खात्यावर जमा करायचं होतं. त्याच्या ३० रात्रींत अशी एकही रात्र नव्हती. ३० सप्टेंबरची नोंद पानं उलटली असती तर सापडली असती, पण त्यानं पानं उलटली नाहीत.

नोंदींचा जॉब पावणेअकराला सुरू झाला आणि एक वाजून २५ मिनिटांनी संपला. व्याजाचा जॉब दीडला लागला. दोनला क्रॉननं, म्हणजे ठरलेल्या वेळी काम सुरू करणाऱ्या प्रोग्रामनं, बॅकअप सुरू केला, कारण त्याला दोनच वाजता सुरू हो असं सांगून ठेवलेलं. दोघं एकाच डिस्कवर. तीन वाजता मला विश्रामबागला घरी फोन आला, ‘सर, व्याज हललंच नाही.’ मी गाडी काढून पोचलो तेव्हा डिस्कचा हिरवा दिवा लुकलुकत नव्हता, सलग पेटलेला होता. बॅकअप थांबवला, पण तोवर उशीर झाला होता. व्याज पावणेआठला संपलं, पुढची साखळी आणि नव्यानं घेतलेला बॅकअप धरून सगळं आवरायला ११:२० झाले.

पलूस शाखेत ऊसबिल न्यायला आलेली माणसं दहापासून उभी होती. फोन माझ्या कानाला होता आणि पलीकडे कॅशियर कुणाला तरी सांगत होती, ‘आबा, सिस्टीम अजून उघडली नाही, जरा बसा.’ ते आबा म्हणाले, ‘टोळीवाल्याला आज पैसे द्यायचा शब्द दिलाय गं.’ तो आवाज मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून मी रात्रींचे गट पाडतो. साधी रात्र, बिलांची रात्र, महिनाअखेर, तिमाहीअखेर, मार्चअखेर. प्रत्येक रात्रीची तुलना तिच्याच गटातल्या जुन्या रात्रींशी. आणि अंदाज कधीच एका आकड्यात देत नाही. ‘साधारण चार, पण दहातल्या नऊ वेळा साडेपाचच्या आत’ असं दोन आकड्यांत सांगतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घड्याळाआधी नोंदींची संख्या बघा. रात्री अकराला फायलीत किती ओळी आल्यात हे कळलेलं असतं. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, त्यामुळे गाळप सुरू झालं की बिलांच्या फायली कधी येतील याचाही अदमास असतो. मात्र नोंदी दुप्पट म्हणजे वेळ दुप्पट, असं गृहीत धरू नका. मेमरीत मावणारी जुळणी एकदा मावेनाशी होऊन डिस्कवर गेली की वेळ भलताच वाढतो.

साखळीऐवजी घड्याळ लावणं

वरच्या गोष्टीतला दुसरा गुन्हेगार हाच. क्रॉन वेळ बघतो, आधीचं काम संपलं की नाही ते बघत नाही. ‘मध्ये अर्धा तास मोकळा ठेवलाय की’ हे उत्तर मला अजिबात पटत नाही. तो अर्धा तास नोंदी वाढतात तसा कुरतडला जातो आणि एक दिवस संपतो. आधीचा जॉब यशस्वी झाल्याची खूण मिळाल्यावरच पुढचा सुटला पाहिजे. कंट्रोल-एम, ऑटोसिस ही साधनं त्यासाठीच आहेत. ती नसतील तर खुणेची फाइल ठेवा, पण तिच्या नावात तारीख घाला. नाहीतर कालची फाइल पडून राहते आणि आजचा जॉब तिच्यावर विश्वास ठेवून सुटतो.

फसलेल्या रात्री इतिहासात तशाच ठेवणं. दोन मिनिटांत बंद पडलेला जॉब ‘दोन मिनिटं’ म्हणून मोजला तर अंदाज खोटाच येणार.

थांबणं आणि चालणं एकाच आकड्यात मिसळणं. जॉब उशिरा संपला म्हणजे तो हळू चालला असं नव्हे, कदाचित रांगेतच तासभर उभा होता. दोन्ही वेळा वेगळ्या लिहा, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

प्रत्येक उशिराला घाबरणं. एखादा अहवाल तासभर लांबला तरी सकाळ बिघडत नाही, कारण त्याच्यावर कुणी अवलंबून नसतं. लेजरचा जॉब दहा मिनिटं सरकला तर मागची सगळी रांग दहा मिनिटं सरकते. बांधकामवाले ज्याला क्रिटिकल पाथ म्हणतात तो मार्ग आपल्या साखळीत कोणता, हे कागदावर काढून भिंतीला लावा. मी लावलाय.

फार जुना इतिहास वापरणं. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास सुरू आहे, आणि एनएसीएचचे (खात्यातून आपोआप वळते होणारे) हप्ते १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही वळते होतात. त्याआधीचा सोमवार आणि आताचा सोमवार एक नाही. असा बदल झाला की मी वहीत आडवी रेघ मारतो आणि तिच्या वरचे आकडे अंदाजात घेत नाही.

हो, वहीच. लॉग मशीन लिहितं, पण उशीर का झाला हे ते लिहीत नाही. तारीख, नोंदी, सुरुवात, शेवट आणि कारण एवढे पाच रकाने. नवीन मुलांना याचा कंटाळा येतो, त्यांना पहिल्याच आठवड्यात मशीन लर्निंगचं मॉडेल बसवायचं असतं. खुशाल बसवा. पण कारणांचा रकाना रिकामा असेल तर मॉडेल शिकणार कशावरून?

शेवटची चूक, अंदाज स्वतःपाशी ठेवणं. मी साडेतीनला पुन्हा नोंदी मोजतो, उरलेल्या साखळीचा हिशेब करतो आणि साडेनऊ ओलांडतील असं दिसलं तर सात वाजताच शाखांना फोन करतो. लांबून येणाऱ्या माणसाला निघण्याआधी निरोप गेला तर त्याची एसटीची खेप वाचते. तो मुलगा आता हे फोन स्वतः करतो, आणि पहिला फोन पलूसला लावतो.