मक्याच्या टॉर्टियातून मेक्सिको: दोन तासिकांची तयारी

नववी-दहावीच्या मुलांना मेक्सिकोची ओळख करून द्यायची असेल, तर पाच-सहा पदार्थ टेबलावर मांडू नका. एकच घ्या, मक्याची टॉर्टिया, म्हणजे तिथली पातळ भाकरी, आणि ती पहिल्यापासून मुलांच्या हातून होऊ द्या. चव एका घासात कळते. लोक हा पदार्थ असाच का करतात हे कळायला मात्र वेळ द्यावा लागतो. त्यासाठी लागोपाठच्या दोन दिवसांच्या तासिका आधीच मागून ठेवा. पहिल्या दिवशी मका शिजवून भिजत घालायचा, दुसऱ्या दिवशी वाटून भाजायचा.

पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. त्याच चिठ्ठीत अ‍ॅलर्जी, पथ्य, उपवास यांची चौकशी करा. या वयात सगळ्यांसमोर खाणं काही मुलांना नकोसं वाटतं, म्हणून ‘चव घेतलीच पाहिजे’ असा नियम ठेवू नका. न खाणाऱ्याने भाजावं, वजन करावं, नोंदी लिहाव्यात.

साहित्य मोजकंच आहे. वाळवलेला पांढरा मका आणा. स्वीट कॉर्न चालत नाही, साधं मक्याचं पीठही नाही. एक किलो मक्याला साधारण दहा ग्रॅम खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी लागतं. भिंतीला लावायचा चुना अजिबात नको. भांडं स्टीलचं घ्या, कारण चुन्याच्या पाण्याने अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. चुना मोठ्या माणसानेच कालवावा, हातमोजे आणि चष्मा घालून. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळून मका रात्रभर त्याच पाण्यात राहू द्या. दुसऱ्या दिवशी भरपूर पाण्याने धुवा. या प्रक्रियेचं नाव निक्स्टमालायझेशन. नाव फळ्यावर लिहा, पण आधी मका मुलांच्या हातात द्या.

इथे एक गोष्ट चुकवू नका. शेजारच्या छोट्या भांड्यात मूठभर मका नुसत्या पाण्यात तेवढाच वेळ शिजवून भिजवा. सकाळी दोन्हीकडचे दाणे धुऊन बोटांत चोळायला सांगा. चुन्यातल्या दाण्याचं साल सुटून येतं आणि तो पिवळसर झालेला असतो. दुसऱ्याचं साल चिकटूनच राहतं. वाटल्यावरही फरक दिसतो. चुन्याच्या मक्याचा गोळा चांगला मिळून येतो.

साल काढण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणीतरी विचारेलच. त्या क्षणासाठी पेलाग्रा या आजाराची गोष्ट तयार ठेवा. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या स्वरूपात असतं, चुन्यामुळे ते शरीराला मिळतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, ही रीत मात्र तिकडे गेली नाही. पुढे उत्तर इटलीत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात, मक्यावरच जगणारी गरीब माणसं पेलाग्राने आजारी पडली, हजारोंनी मेली. हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे, हे अमेरिकन डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवलं. नायसिनचा संबंध १९३७ मध्ये स्पष्ट झाला. मेक्सिकोतल्या बायका त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून रोज मका चुन्यात भिजवत होत्या. त्यांना या जीवनसत्त्वाचं नाव ठाऊक नव्हतं, पण पिढ्यान् पिढ्या तपासून घेतलेलं ज्ञान त्यांच्याकडे होतं. मला वाटतं, परक्या संस्कृतीविषयीचा आदर मुलांच्या मनात इथे उपजतो. या भागाला निदान वीस मिनिटं द्या.

वाटण्यासाठी मिक्सर पुरतो, पण मेटाटे या दगडी पाट्याचं चित्र दाखवा. गिरण्या येण्यापूर्वी बायकांचे रोजचे कित्येक तास त्यावर जात, हेही सांगा. परंपरेचं कौतुक करताना ती कुणाच्या कष्टांवर उभी होती, हे झाकू नये. गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांत जड ताटलीने दाबा आणि कोरड्या, चांगल्या तापलेल्या तव्यावर उलटून-पालटून भाजा. तिथल्या मातीच्या तव्याला कोमाल म्हणतात.

नकाशा हवाच. मेक्सिकोतलं बाल्सास नदीचं खोरं दाखवा, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथे टिओसिंटे या रानटी गवतापासून मका घडला. देशाच्या उत्तरेत गव्हाची टॉर्टिया खातात, आणि गहू स्पॅनिश लोकांबरोबर आला, हेही सांगा. नाहीतर अख्खा देश एकच पदार्थ खातो असा समज व्हायचा. मिल्पा, म्हणजे मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची शेती, फळ्यावर काढली तरी पुरे. मेक्सिकन वेश म्हणून मोठ्या टोप्या, खोट्या मिशा वर्गात आणू नका.

बोलण्याचा नियम चव घेण्याआधी ठरवा. ‘शी’ किंवा ‘विचित्र’ न म्हणता वास, पोत, चव यांचं वर्णन करायचं. मेक्सिकोत राहिलेलं कुणी ओळखीचं असेल तर बोलवा, पण मुलांचे प्रश्न त्यांना आधी पाठवा.

शेवटची पंधरा मिनिटं लिहिण्यासाठी राखा. प्रश्न एकच द्या: २००७ च्या जानेवारीत टॉर्टिया महागली म्हणून मेक्सिको सिटीत हजारो लोक रस्त्यावर का उतरले असतील? उत्तरं लगेच तपासू नका. पुढच्या तासिकेला ती वर्गातच वाचून घ्या.