कॅलिफोर्नियात ‘मेझर’वर खूण करण्याआधी

फ्रीमाँटच्या आमच्या घरी मतपत्रिकेचं पाकीट आलं की मी शेवटच्या पानापासून सुरुवात करते. अध्यक्ष, गव्हर्नर यांच्यावर सगळे बोलतात. शाळेचं किंवा शहराचं मेझर, म्हणजे मतदारांपुढे ठेवलेला स्थानिक प्रस्ताव, मात्र कोरंच राहतं. आणि आपली घरपट्टी ठरते ती तिथे.

आधी बघा, बाँड (घरपट्टीतून फेडायचं कर्ज) आहे की पार्सल टॅक्स (प्रत्येक मालमत्तेमागे लावलेला कर). १९७८च्या प्रॉपोझिशन १३ ने (प्रॉपोझिशन म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढचा प्रस्ताव) मूळ घरपट्टी घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकली. त्यावर बाँडचा भार टाकायचा तर मतदारांना विचारावंच लागतं. शहराच्या किंवा काउंटीच्या बाँडला दोन-तृतीयांश मतं लागतात. काही कामांसाठी ही अट ५५ टक्क्यांवर आणू पाहणारं ‘प्रॉपोझिशन ५’ हे २०२४च्या नोव्हेंबरमध्ये पडलं. शाळा आणि कम्युनिटी कॉलेजच्या बाँडला २००० सालच्या प्रॉपोझिशन ३९ पासून ५५ टक्के पुरतात, पण कामांची यादी, दरवर्षीचं ऑडिट आणि नागरिकांची देखरेख समिती हवीच. शाळा मंडळाने आणलेल्या पार्सल टॅक्सला मात्र दोन-तृतीयांशच.

हिशेब करून बघा. ३०,००० मतं पडली, त्यात १९,५०० ‘हो’. म्हणजे ६५ टक्के. शाळेचा बाँड आरामात पास, त्याच शाळेचा पार्सल टॅक्स नापास. तिथे प्रत्येक ‘नाही’ला तोलायला दोन ‘हो’ लागतात. कोरं सोडलेलं मत मोजणीत धरतच नाहीत.

मग टॅक्स रेट स्टेटमेंट, म्हणजे बाँडमुळे किती कर पडेल याच्या अंदाजाचं पत्रक, काढा. दर १,००,००० डॉलरमागे दिलेला असतो. आपल्याला लाखाची सवय, सोपं जातं. लाखामागे ६० डॉलर आणि नोंदलेली किंमत १२ लाख, तर वर्षाला ७२०. किंमत बाजारभावाची नव्हे, घरपट्टीच्या बिलावरची घ्या. विक्री होईपर्यंत ती वर्षाला फार तर २ टक्के वाढते, म्हणून तीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या शेजाऱ्यांना तोच बाँड कितीतरी हलका पडतो. पार्सल टॅक्स बहुधा सगळ्यांना सारखा.

‘दर वाढणार नाही’ असं लिहिलं असेल तर थांबा. बहुतेक वेळा जुना बाँड फिटत आलेला असतो आणि नवा त्याची जागा घेतो. नवा नसता तर बिल उतरलं असतं. मी तरीही शाळांना बहुधा ‘हो’ म्हणते, पण आकडा बघून.

घरमालक ६५च्या पुढचे असून त्याच घरात राहत असतील, तर बऱ्याच शाळा-जिल्ह्यांत (स्कूल डिस्ट्रिक्ट) पार्सल टॅक्स माफ होतो. माफी आपोआप मिळत नाही, शाळा-जिल्ह्याकडे अर्ज करावा लागतो. शेजारच्या काकांचा अर्ज मीच भरून दिला.