तांत-आर्त्स की तान-दार्त्स? डच जोडशब्दांतल्या या चुका टाळा

दाताच्या डॉक्टरला डचमध्ये तांदआर्त्स म्हणतात. नेदरलँड्सला आल्यावर दवाखान्यात पहिला फोन केला तेव्हा मी ठसक्यात 'तान-दार्त्स' म्हणालो आणि पलीकडच्या बाई गप्पच झाल्या. त्यांना बाण फेकायचा डार्ट्सचा खेळ ऐकू आला होता.

चुकला होता विग्रह. तांद म्हणजे दात (आपल्या 'दंत'चाच लांबचा भाऊबंद), आर्त्स म्हणजे डॉक्टर. सांधा 'द'नंतर येतो, आणि डचमध्ये घटक शब्दाच्या शेवटी आलेल्या 'द'चा 'त' होतो. भरभर बोलताना तो 'त' पुढच्या स्वराकडे सरकेल, पण त्याचा पुन्हा 'द' होणार नाही. आपल्याला संधीची सवय; व्यंजन दिसलं की पुढच्या स्वराला चिकटवून मोकळे!

सांधा हलला की अर्थही हलतो. क्वार्त-स्लाखन म्हणजे पाव-पाव वळसे, क्वार्त्स-लाखन म्हणजे क्वार्ट्झचे थर. लिहिताना दोन्ही अगदी सारखे.

दुसरी चूक जोराची, म्हणजे उच्चारताना शब्दाच्या कुठल्या अक्षरावर भर द्यायचा याची. 'पहिल्या भागावर जोर' हा नियम बरोबर आहे, पण आपण तो पहिल्या अक्षरावर मारतो. पहिल्या घटक शब्दाचा स्वतःचा जोर जिथे असेल तिथेच तो राहतो. रेल्वे स्टेशनाबाहेरच्या चौकाची पाटी घ्या: स्ताशोन्स-प्लेइन. जोर 'शोन्स'वर, 'स्ता'वर नाही. मसाजच्या पलंगाला मासाझ-बेत म्हणतात, जोर 'सा'वर. तीच रोमन अक्षरं मासा-खबेत अशी तोडली, जोर 'मा'वर दिला, की सामूहिक प्रार्थना होते!

अपवाद पाठच करावे लागतात. ज़ीकनहौस (रुग्णालय) नियमाने चालतं, जोर 'ज़ी'वर. स्तातहौस (नगरभवन) मात्र 'हौस'वर. बूरनकोल ही हिवाळ्यातली पालेभाजीही शेवटच्या 'कोल'वर.

क्रियापदांत तर जोरच व्याकरण ठरवतो. फोरकोमन: जोर 'फोर'वर असेल तर 'आढळणे', आणि वाक्यात त्याचे तुकडे होतात: 'कोम्त फोर'. जोर 'को'वर असेल तर 'टाळणे', आणि शब्द अखंड राहतो. 'आम्ही अपघात टाळतो' म्हणताना जोर 'फोर'वर गेला, तर ऐकणारा गोंधळतो: 'आढळणे' म्हणायचं असतं, तर 'फोर' तुटून मागे गेला असता.