कुस्तीचा फड नेमका कुठे भरायचा? कोकणातली विसरलेली जागा शोधायची रीत

कोकणात जुना आखाडा शोधायला निघालेला माणूस आधी भिंत शोधतो, आणि तिथेच चुकतो. जत्रेचा फड भरायचा तो भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात, देवळापुढच्या पटांगणात, नाहीतर पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत. माती उकरून, चाळून टाकायची, दोरी बांधायची, दुपारभर कुस्त्या लावायच्या. पुढच्या पावसाळ्यात त्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडायचा आणि खुणा जायच्या. म्हणून इथे इमारत शोधायची नाही. जमीन, तिथी, पाणी आणि माणसांची वाट या चार गोष्टी जुळवायच्या.

बॉक्सिंग आणि कुस्तीच्या जगप्रसिद्ध लढतींच्या जागांचेही असेच झाले आहे. इंग्लंडात फार्नबरोला १७ एप्रिल १८६० रोजी सेयर्स आणि हीनन भिडले. अशा लढती बेकायदा असल्यामुळे जागा मुद्दाम गुप्त ठेवली होती. अमेरिकेत रिचबर्गला ८ जुलै १८८९ रोजी सलिव्हन आणि किलरेन ७५ फेऱ्या लढले, तेही असेच लपूनछपून. जर्सी सिटीत २ जुलै १९२१ च्या डेम्प्सी–कार्पेंटिए लढतीसाठी अख्खे लाकडी मैदान उभारले, ते १९२७ मध्ये पाडले. गामा आणि झिबिस्को हे पैलवान १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनच्या ज्या शेफर्ड्स बुश मैदानात झुंजले, ते १९८५ मध्ये पाडले गेले. जागा लपवलेली असते, तात्पुरती असते, किंवा नंतर दुसऱ्या कामाला जाते. आपल्याकडे शोध घ्यायचा तो बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाचा.

आधी तिथी पक्की करा

गावच्या जत्रेची तिथी कळली की निम्मे काम झाले. इंग्रजी अमदानीतली गॅझेटियर बघा: रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाब्याचा १८८३ चा. जत्रांची गावे आणि महिने त्यांत सापडतात. त्यानंतर १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांचा स्वतंत्र खंड निघाला, तो तालुकावार चाळा. शोधताना जिल्ह्याच्या नावाने फसू नका. रायगड १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा होता, आणि सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. मालवण-कुडाळचे जुने कागद रत्नागिरीच्या नावाखाली असतात.

जुन्या हस्तपत्रिकेवर शालिवाहन शकाचे वर्ष असते, त्याचे इसवी सन करताना हमखास एका वर्षाची चूक होते. चैत्रापासून डिसेंबरपर्यंतच्या तिथीला ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८५० ची माघी जत्रा १९२९ ची, १९२८ ची नव्हे. शिमग्यातल्या आणि माघातल्या कुस्त्या यामुळेच वर्तमानपत्रात सापडत नाहीत: माणूस चुकीच्या वर्षाचा गठ्ठा सोडवत बसतो.

वर्तमानपत्रांसाठी रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय (स्थापना १८२८) गाठा, आणि रायगडच्या बाजूला अलिबाग. जत्रेनंतरच्या दोन आठवड्यांचे अंक पुरतात. बातमीत जागेचे वर्णन फार तर "देवस्थानच्या मळ्यात" एवढेच मिळते. तेवढ्यावर पुढचा कागद काढता येतो.

सातबाऱ्यावर बारकाईने बघायची एक ओळ

गाव नमुना सातवर "शेताचे स्थानिक नाव" अशी एक जागा असते. मालकाचे नाव आणि क्षेत्र बघून लोक उतारा घडी करून ठेवतात आणि ही ओळ वाचायची राहते. तालमीचा मळा, आखाडा, मारुतीचा वाफा, जत्रेचे खाचर असले काही तिथे असेल तर तो गट नंबर लिहून घ्या. नव्या संगणकीकृत उताऱ्यावर ही जागा पुष्कळदा कोरी सापडते. मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून हस्तलिखित सातबारा आणि जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) नकलेसाठी अर्ज करून मागवा, आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा.

इथे कोकणाची एक खास अडचण येते. म्हातारी माणसे जमीन ओळखतात ती खोताच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या नावाने, आणि कागदावर असते ती कसणाऱ्या कुळाचे नाव. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा, आणि कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कुळे मालक झाली. त्यामुळे "अमक्या खोताचा मळा" आजच्या सातबाऱ्यावर शोधून मिळणार नाही. १९४९ ते १९६० च्या दरम्यानचे फेरफार वाचत मागे जायचे. एका गटाचे पुढे चार पोटहिस्से झाले असतील तर चारही घ्या. फड कोणत्या तुकड्यात होता ते जमिनीवर ठरवू.

मुंबईची खोली विसरू नका

जत्रेला वर्गणी यायची ती चाकरमान्यांकडून. हस्तपत्रिका मुंबईत छापली जायची आणि इनामांचा हिशेबही तिथल्या ग्रामस्थ मंडळाच्या वहीत उतरायचा. लालबाग, परळ, डिलाईल रोड भागातल्या गावकीच्या खोल्यांतले पत्र्याचे पेटारे म्हणूनच गावातल्या कपाटापेक्षा जास्त देतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक खोल्या बंद झाल्या किंवा विकल्या गेल्या, तेव्हा मंडळाच्या शेवटच्या चिटणीसाच्या घरी चौकशी करा. वहीत "कुस्ती" असा मथळा असेलच असे नाही. नारळ, फेटे, चांदीचे कडे, हलगीवाल्याची बिदागी, माती वाहण्याची मजुरी या बाबी बघा. माती वाहण्याची मजुरी फार मोलाची: माती कुठून आणली ते लिहिले असेल, तर फड तिथून गाडीच्या वाटेवरच होता.

म्हाताऱ्यांना काय विचारायचे

"फड कुठे व्हायचा?" असे विचारले की बोट आजच्या शाळेच्या मैदानाकडे जाते. त्याऐवजी असे विचारा: नारळावरच्या कुस्त्या लागायच्या तेव्हा पोरे कुठे बसायची? ऊन कोणाच्या डोळ्यांवर यायचे? कुस्ती झाल्यावर पैलवान अंग धुवायला कोणत्या विहिरीवर जायचे? पंच कोणत्या बाजूला उभे? बायका कुठून बघायच्या? उन्हाच्या प्रश्नाने दिशा कळते, विहिरीच्या प्रश्नाने अंतर.

दोन माणसांना एकत्र कधी बसवू नका. मोठ्या आवाजाचा माणूस सांगतो आणि दुसरा मान हलवतो. वेगवेगळे विचारा, जमल्यास जागेवर चालत न्या, आणि दोघांनी दाखवलेल्या जागा वीस पावलांच्या आत आल्या तरच खूण करा. अलिबाग, पेण, उरण पट्ट्यात जत्रेतल्या कुस्त्या आजही होतात, तिथे नव्या-जुन्या जागेची सरमिसळ फार होते. सांगणाऱ्याला आधी वर्ष विचारा, किंवा त्याच्या लग्नाआधी की नंतर एवढे तरी.

पुळणीवरचा फड: भरतीने पडताळा

समुद्रकाठची जागा जमिनीवर पक्की करता येत नाही, वाळू दरवर्षी सरकते. पण सांगितलेली गोष्ट खरी की नाही हे भरतीवरून तपासता येते. कोळ्यांचा जुना हिशेब: पंधरवड्यातली तिथी घ्या आणि पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराला भरती, आणि सहा तासांहून थोड्या जास्त वेळाने, साडेपाचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेच्या जत्रेत संध्याकाळी पुळणीवर कुस्त्या झाल्या हे पटते. पौर्णिमेला भर दुपारी बारा वाजता त्याच पुळणीवर हजार माणूस उभा होता असे कोणी सांगितले तर वेळ तरी चुकली आहे किंवा तिथी. अष्टमीला उलट: सहाला भरती, दुपारी बाराच्या पुढे ओहोटी. हा हिशेब मुंबई-अलिबागला बरा बसतो. मालवणकडे भरती थोडी आधी येते, आणि ओहोटीला पाणी रायगडइतके लांबही जात नाही. ओल्या घट्ट वाळूवर पाठ आपटली तर जबर लागते, म्हणून हौद्याची, म्हणजे कुस्ती खेळायच्या मातीच्या चौकाची, जागा भरतीच्या रेषेच्या वरच्या सुक्या वाळूत धरा.

छपराखालची तालीम असेल तर

इथे मात्र माती बोलते. जांभ्याच्या मुलखातली माती खरखरीत, खड्यांची. अंग सोलून काढते. म्हणून हौद्यात चाळलेली माती घालून त्यात तेल, ताक, हळद मुरवीत. मालकाची परवानगी घेऊन फूटभर खोलीवरची मूठभर माती घ्या, दुसरी मूठ तालमीबाहेर वीस पावलांवरून. दोन काचेच्या बरण्यांत एक तृतीयांश माती, वर पाणी, खळखळून हलवून ठेवा. मिनिटभरात वाळू-खडे बसतात, दोनेक तासांत पोयटा (बारीक गाळ), चिकणमातीला दिवस लागतो. आतल्या बरणीत तळाचा खड्यांचा थर जवळजवळ नसेल आणि बाहेरच्या बरणीत जाड असेल, तर माती चाळून आणलेली आहे. उघड्या मैदानावर हा खटाटोप करू नका, पावसाने सगळे सारखे केलेले असते.

कौले उलटी करून बघा. मंगलोरी कौलावर कारखान्याचे नाव उमटवलेले असते. मंगळूरचा बासेल मिशनचा कौल कारखाना १८६५ चा, तेव्हा असे छप्पर त्याआधीचे नाही. पण हा पुरावा छपराचा झाला. भिंती त्याहून कितीतरी जुन्या असू शकतात, नळीची कौले उतरवून मंगलोरी घालणे सर्रास चालायचे. बुटके दार, उंबऱ्यापेक्षा खाली गेलेली जमीन आणि मारुतीचा कोनाडा तिन्ही एकत्र असतील तर जागा तालमीची मानायला हरकत नाही. नुसता कोनाडा पुरेसा नाही.

मोजून लिहा

फोनवरचे अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत लिहा. पाचवे स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. माडाखाली फोन दहा-दहा मीटर हलतो, म्हणून उघड्यावर येऊन तीन वेळा वाचन घ्या. खरा भरवसा ३० मीटरच्या टेपवर ठेवा: फडाच्या मध्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत आणि देवळाच्या जोत्याच्या कोपऱ्यापर्यंत, अशी दोन अंतरे, आणि या दोन खुणा जोडणाऱ्या रेषेच्या कोणत्या बाजूला फड होता ते. विहीर हलत नाही. वड पडतो, रस्ता रुंद होतो, देऊळही नव्याने बांधतात, म्हणून शक्य तर दोन्ही खुणा विहिरींच्याच घ्या.

नोंदीत गट नंबर, तिथी, सांगणाऱ्यांची वये, कागद कुठे पाहिला ते, आणि जागा किती खात्रीची (कागद व दोन साक्षी, फक्त साक्षी, फक्त कागद) हे लिहा. जमीन खाजगी असेल तर फलक लावण्याआधी मालकाची लेखी संमती घ्या आणि तिची प्रत ग्रामपंचायतीत द्या. सामायिक सातबाऱ्यावर नावे असतील तेवढ्या सगळ्यांच्या सह्या लागतात, त्यामुळे हे काम गणपतीत करा. तेव्हा मुंबईचे हिस्सेदार घरी असतात.