वाड्याचं माजघर आणि उन्हातला चौक एकाच फोटोत: निघण्याआधीची तयारी

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचं माजघर भरदुपारीही अंधारं असतं, आणि दोन पावलांवर चौकात ऊन असं पडतं की फरशीकडे बघवत नाही. डोळा दोन्हीशी जुळवून घेतो, कॅमेऱ्याच्या सेन्सरला ते एका फोटोत झेपत नाही. चौक नीट आला तर कोरीव खांब काळे ठिक्कर, खांब नीट आले तर तुळशीवृंदावन पांढरंफटक. म्हणून एकाच चौकटीचे कमी-जास्त एक्स्पोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेड आत घेतलेले, फोटो काढून ते नंतर एकत्र करायचे. हे काम फसतं ते बहुतेक वेळा वाड्यातच, घरी संगणकापुढे बसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. त्यामुळे तयारी सगळी आधीची.

पहिली गोष्ट, वेळ ठरवा. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे 26 मेच्या आसपास सूर्य दुपारी बारानंतर थोड्याच वेळात अगदी डोक्यावर येतो आणि ऊन सरळ चौकाच्या तळाशी उतरतं. उन्हाचा तो चौकोनच हवा असेल तर तेव्हा जा. वाड्याची नोंद म्हणून फोटो हवा असेल तर मी सकाळची वेळ सुचवीन, ऊन भिंतीच्या वरच्या कडेला असतानाची. उजेडातला फरक कमी असतो आणि लाकडाचा रंग खरा दिसतो. पावसाळ्यात तुटक ढगांचा दिवस टाळा. पहिल्या आणि पाचव्या फोटोच्या मध्ये ढग सरकला की सगळा संच वाया जातो.

आदल्या दिवशी घरच्यांना फोन करून परवानगी घ्या आणि त्याच वेळी पंख्याचं, कूलरचं बोलून ठेवा. उन्हाळ्यात नागपुरात कूलर बंद करायला सांगणं ही लहान विनंती नाही, म्हणून नेमकं सांगा: "काकू, फक्त पाच मिनिटं कूलर बंद ठेवला तर चालेल का?" कूलरच्या थरथरीने माडीची लाकडी जमीन हलते, ट्रायपॉड तिच्यावर उभा असतो, आणि एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये ते लगेच दिसतं. चौकात दोरीवर कपडे वाळत असतील तर ते काढता येतील का, हेही विचारा. प्रत्येक फोटोत साडीचा पदर वेगळ्या जागी असला की जोडलेल्या फोटोत त्याची भुतं दिसतात. आतले दिवेसुद्धा बंद करायला सांगा. पिवळा बल्ब आणि बाहेरचं ऊन यांचे रंग एकमेकांत कधी बसत नाहीत, आणि स्वस्त एलईडी वेगवान शटरला फोटोत पट्टे उमटवतात.

बॅगेत ट्रायपॉड, रिमोट, भरलेल्या दोन बॅटऱ्या, रिकामं कार्ड आणि काच पुसायचं कापड. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा, उजळ दारासमोर त्यात प्रतिबिंब येतं.

कॅमेरा घरीच लावून घ्या. तत्त्व एकच: पाचही फोटोंत शटरस्पीडखेरीज, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं त्याखेरीज, काहीही बदलता कामा नये. मॅन्युअल मोड, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, ऑटो आयएसओ बंद. ॲपर्चर बदललं की फोकसची खोली बदलते आणि खांबांच्या कडा एकमेकांवर बसत नाहीत. फोकस एकदा जुळवून मॅन्युअलवर टाका, नाहीतर काळोख्या चौकटीत लेन्स चाचपडत राहील. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) उन्हाचा ठरवून ठेवा, ऑटोवर नको. रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) चालू. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. सावल्या आपोआप उजळणारी कॅमेऱ्याची सोय बंद करा, कारण तिच्यामुळे मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) खोटं बोलतो. दोन सेकंदांचा टायमर लावला की बऱ्याच कॅमेऱ्यांत सगळा संच एका दाबात निघतो, तुमच्या कॅमेऱ्यात तसं होतं का ते घरीच बघा.

आता मुख्य काम, उजेड मोजण्याचं. तीन फोटो, दोन-दोन स्टॉपचं अंतर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), हा ठोकळा डोळे झाकून वापरू नका. स्पॉट मीटरिंग (एका लहानशा जागेपुरता उजेड मोजणं) घ्या, उन्हातल्या फरशीवर रोखा, मग माजघराच्या कोपऱ्यावर. समजा फरशीला 1/1000 सेकंद आलं आणि कोपऱ्याला 1 सेकंद. हे दहा स्टॉप झाले, म्हणजे उजेडात साधारण हजारपट फरक. मग मधला फोटो 1/60 धरून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच काढा: 1/1000, 1/250, 1/60, 1/15, 1/4. शेवटच्या फोटोतही कोपरा दोन स्टॉप काळोखाच राहतो, आणि तो तसाच राहायला हवा. माजघर अंधारं असतं, ते दिवाणखान्यासारखं उजळलं तर तो वाडा राहत नाही. हिस्टोग्राम तपासा: सर्वांत काळ्या फोटोत आलेख उजव्या कडेला आपटू नये, सर्वांत उजळ फोटोत डाव्या कडेपासून सुटलेला असावा. एक संच झाला की पुढच्याआधी आपल्या तळहाताचा एक फोटो काढा. घरी शेकडो सारख्या फाइलींत कुठला संच कुठे संपला ते त्यावरून कळतं.

ही गरज जुनीच आहे. 1850च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे हा छायाचित्रकार आकाशाची आणि समुद्राची वेगवेगळी निगेटिव्ह घेऊन एका कागदावर छापत असे, कारण तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवर निळं आकाश फार लवकर उमटून फोटोत पांढरं पडायचं. आज वाटा दोन. एक, सगळ्या फोटोंतून उजेडाची खरी पातळी काढून नंतर ती पडद्याला झेपेल इतकी दाबायची. डेबेवेक आणि मलिक या संगणकशास्त्रज्ञांनी 1997 साली मांडलेली पद्धत या वाटेवरची. दुसरी, प्रत्येक फोटोतला चांगला भाग निवडून थेट मिसळायचा. तिच्यासाठी एन्फ्यूज हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. वाड्यासाठी मला दुसरी वाट जास्त पटते, खांबांच्या कडेला तेजाची रेघ कमी उमटते. तुळशीची पानं हललीच असतील तर तेवढी जागा एकाच फोटोतून घ्या, 1/250च्या फोटोत ती बहुधा स्थिर सापडतात. सॉफ्टवेअर आदल्या रात्री उतरवून घ्या, आणि आपल्याच खोलीच्या खिडकीचे पाच फोटो काढून एकदा जोडून बघा. रिमोटचा सेल संपलाय की नाही, हेसुद्धा तेव्हाच कळेल.