सॅक्सोफोन आणि इलेक्ट्रिक गिटारच्या मुक्त जुगलबंदीचे ध्वनिमुद्रण : या चुका टाळा

आधी काहीही न ठरवता वाजवलेल्या सॅक्सोफोन-गिटार जुगलबंदीचा अल्बम पुण्यात करायचा, तर ध्वनिमुद्रण बहुधा राहत्या घरातल्या खोलीत किंवा तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सरावाच्या जागेत होते. तिथे होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी दोन वाद्यांना दोन स्वतंत्र वस्तू मानण्याची सवय असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दोन वादकांना दोन खोल्यांत बसवणे. या संगीताला ठेका नाही, ठरलेला राग नाही. जोडीदाराने श्वास घेतला, त्याचा हात तारांवरून उचलला गेला, एवढाच काय तो आधार असतो आणि तो हेडफोनमधून पुरेसा मिळत नाही. दोघांनी एकाच खोलीत, एकमेकांना दिसतील असे बसावे. गिटारचा अँप्लिफायर जमिनीपासून थोडा उचलून सॅक्सोफोनच्या माइकच्या पाठीमागच्या दिशेला ठेवावा आणि त्याचा आवाज सॅक्सोफोनच्या हळुवार वादनाला झाकणार नाही इतकाच असावा.

सॅक्सोफोनचा माइक थेट कर्ण्याच्या तोंडात रोखणे हीही नेहमीची चूक आहे. अगदी खालचे स्वर सोडले तर या वाद्याचा बराचसा आवाज उघड्या छिद्रांतून बाहेर पडतो. त्यामुळे कर्ण्यासमोरच्या माइकवर खर्ज फुगतो, आणि एकाच फुंकेत अनेक स्वर निघतात तेव्हाची वीण हरवते. माइक दीड-दोन फुटांवर, वाद्याच्या मध्यभागाकडे रोखून ठेवावा.

पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत एक अडचण हमखास येते आणि तिचे कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घरघर मुद्रित होऊ नये म्हणून पंखा बंद केला की खोली तापू लागते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सॅक्सोफोनचा स्वर साधारण तीन सेंटने चढतो (अर्धस्वराचे शंभर सेंट होतात), तर गिटारच्या तारा उष्णतेने सैल होऊन उतरतात. चार-पाच अंशांच्या फरकात दोन वाद्ये कानाला सहज कळेल इतकी दुरावतात. जवळच्या दोन स्वरांच्या घर्षणातून उठणारी थरथर या संगीतात मुद्दाम वापरली जाते, पण ती वादकाने निवडलेली असावी. म्हणून खोली आधी थंड करून घ्यावी, प्रत्येक टेकपूर्वी (सलग मुद्रणापूर्वी) स्वर पुन्हा जुळवावेत आणि कोरड्या हवेत रीड (सॅक्सोफोनच्या तोंडाशी कंप पावणारी पातळ पट्टी) ओलसर राहील याची काळजी घ्यावी.

गिटारच्या तारांची कंपने टिपणाऱ्या, एकाच वेटोळ्याच्या सिंगल-कॉइल पिकअपची गुणगुण घरातल्या ५० हर्ट्झ विजेमुळे येते. गिटार धरून बसण्याची दिशा थोडी बदलली आणि मोबाइलचा चार्जर दूर नेला की ती बरीच कमी होते. गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेव्हा त्या भागात संध्याकाळचे मुद्रण ठरवू नये.

वादनातली मोठी चूक सवाल-जवाबाची आहे. सवाई गंधर्व महोत्सवात घडलेल्या पुणेकर कानाला जुगलबंदी म्हटली की एकाचा तुकडा आणि दुसऱ्याचे उत्तर अपेक्षित असते, पण इथे सतत उत्तर देत राहिले की प्रत्येक तुकडा दुसऱ्याची नक्कल होऊन बसतो. डेरेक बेली (गिटार) आणि इव्हान पार्कर (सॅक्सोफोन) यांच्या १९७५ सालच्या लंडनमधील मैफलीचे ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे. दोघे बराच वेळ समांतर चालतात, तरी एकाने पोत बदलला की दुसऱ्याच्या वादनाचा अर्थ बदलतो. गप्प राहण्याचीही मुभा दोघांनी एकमेकांना द्यावी.

शेवटची चूक संपादनातली. एकाच खोलीत वाजवल्यामुळे सॅक्सोफोनच्या माइकमध्ये गिटारही असते, म्हणून एका वाद्याचा नकोसा क्षण कापला की दुसऱ्याच्या स्वराची रेंगाळणारी आस तुटलेली ऐकू येते. आवाजातले चढउतार कॉम्प्रेसरने दाबू नयेत; मुद्रण २४ बिटमध्ये करून सर्वांत मोठा आवाज शून्याच्या (मुद्रणात मावणाऱ्या कमाल पातळीच्या) दहा-बारा डेसिबल खालीच राहील असे पाहावे. निवड पूर्ण टेकचीच करावी, आणि एखादा टेक अर्ध्यातच ढासळला असेल तर तो अख्खा वगळावा.