नायगावच्या माळावर फुलं बघायला जाताय? चिमटा घ्या

पाणी, टोपी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी हे मी सांगायला नको. पाणी मात्र माणशी 3 लिटर, कारण माळावर सावली म्हणजे एखादी बाभूळ, आणि तिच्याखाली आधीच शेळ्या बसलेल्या असतात.

आता चिमटा. पोळ्या भाजायचा नव्हे, भुवया कोरायचा, बारीक टोकाचा. गेल्या खेपेला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडच्या नायगाव मयूर अभयारण्यात गेलो, कॅमेरा घेतला, दुर्बीण घेतली, चिमटा नाही. दसरा तोंडावर आला होता, गवत पिकलेलं. तासाभरात मोज्यांत कुसळं. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले केस असतात, आत सहज जातं, बाहेर येत नाही. आणि त्याची शेपटी ओल लागली की पीळ सोडत गिरमिटासारखी फिरते. घामेजलेला मोजा म्हणजे तिला आमंत्रणच. मी नखानं ओढलं, शेपटी हातात आली, टोक घोट्यात राहिलं. चौथ्या दिवशी घोटा लिंबाएवढा. डॉक्टरांनी सुईनं काढलं आणि विचारलं, "चिमटा नव्हता का?"

तर मोजे सैल विणीचे नकोत, पँट गुळगुळीत कापडाची. ट्रॅकपँट घालून येणाऱ्याला मी गाडीत घेणार नाही.

कधी जायचं? पोळा झाला की निघा, घटस्थापनेच्या आत परत या. तेरडा आधी संपतो. त्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते उगाच नाही. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि तरवडाचा पिवळा मात्र टिकतो. घटाच्या माळेला तरवड लागतो म्हणून फांदी तोडायचा मोह होतो, पण अभयारण्यातून काही आणायचं नसतं. मोरपीस पडलेलं दिसलं तरी तिथंच राहू द्या. कळलावी दिसली तर बघा, मुलांना हात लावू देऊ नका, कंद जहरी असतो. आणि फोटोसाठी दगड उलटू नका, माळावरच्या दगडाखाली फुरशासारखा विषारी साप असू शकतो.

सकाळी लवकर पोचा. अकरानंतर ऊन डोक्यात जातं आणि फोटोही पांढरेफटक येतात. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर काळ्या रानातून गाडी घालू नका, चाकं लाडवासारखी होतात.

बूट घोट्यापर्यंतचे. सीटवर जुनी चादर. येताना गाडीत बसण्याआधी मोजे काढून झटका, कुसळ दिसलं तर कातडीलगत पकडून सरळ ओढा. कशानं, ते सांगितलंय. पिशवीत टाकलाय म्हणू नका, पिशवी गाडीत राहते. खिशात ठेवा.